झाड जगले तर हप्ता : फळबाग अनुदान, सातबारा आणि आपली उधारी

देवगड तालुक्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला दोन हंगाम तोंडपाठ असावे लागतात. एक आंब्याचा आणि दुसरा अनुदानाचा. आंब्याचा हंगाम सर्वांना दिसतो. पेट्या भरल्या जातात, ट्रक वाशीकडे निघतात आणि महिनाभरात गिऱ्हाईक दुकानात येते. अनुदानाचा हंगाम दिसत नाही. बँकेच्या पासबुकात एक ओळ उमटते तेव्हाच तो कळतो. पण या ओळीच्या भरवशावर आमच्या भागात लग्नाचे बस्ते निघतात, घराचे पत्रे येतात, शिलाईयंत्राची दुरुस्ती होते आणि जुनी उधारी फिटते. म्हणून हा विषय फक्त शेतकऱ्यांचा आहे असे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी समजू नये.

मी हे मिठबाव गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. कुणकेश्वर आणि आचरा यांच्या मधल्या किनाऱ्यावरचे हे गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, खाली भाताचे मळे आणि वर कातळाचा सडा. १९९० साली शाळा सोडून मी वडिलांच्या दुकानात बसलो. तेव्हापासून कापडाचे गाठोडे घेऊन एस.टी.ने या गावात जात आलो. आमच्या घराण्याची थोडी वरकस जमीनही तिथल्या सड्याच्या उतारावर आहे. त्यामुळे अनुदान हा प्रकार मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. उधार देणाऱ्याच्या बाजूने पाहिला आणि अर्ज करणाऱ्याच्या बाजूनेही पाहिला.

या पस्तीस वर्षांच्या हिशेबातून एकच गोष्ट सांगायची आहे. हे अनुदान झाड लावल्याचे बक्षीस नाही, झाड जगवल्याची मजुरी आहे. हे ज्याला समजले त्याचे भले झाले. ज्याला समजले नाही त्याचे झाड गेले, हप्ता गेला आणि दुकानदाराचे पैसेही अडकले.

हा पैसा कोठून आला?

पुष्कळांना वाटते की सरकार शेतकऱ्याला पैसे वाटते आणि व्यापारी फक्त कर भरतो. प्रकरण इतके सोपे नाही. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेला पैसा लागणार होता, म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला. नोकरदार, वकील, डॉक्टर आणि दुकानदार यांच्याकडून येणारा हा कर, इतर काही अधिभार आणि तितकीच सरकारची भर यांतून रोजगार हमीचा निधी उभा राहिला.

व्यवसाय कर राज्यघटनेच्या मर्यादेप्रमाणे वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. रक्कम लहान आहे. आपण ती भरतो आणि विसरतो. पण १९९० साली शरद पवार मुख्यमंत्री असताना याच रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत फळझाडे लावायची, खड्डे खोदण्याची मजुरी आणि कलमांचा खर्च अनुदानातून मिळायचा, आणि हे अनुदान तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने यायचे. आज सिंधुदुर्गात ज्या काजूच्या आणि आंब्याच्या बागा दिसतात, त्या वाढण्यात या योजनेचा मोठा वाटा आहे. म्हणजे आपल्या दुकानातून गेलेला पैसा डोंगरावर झाड होऊन उभा राहिला आणि त्या झाडाचे फळ विकून आलेला पैसा पुन्हा आपल्या दुकानात आला. व्यापाऱ्याने हे चक्र ओळखले पाहिजे.

उतारावरच्या मातीचे मोल

सरकारने झाडासाठी पैसे का द्यावेत, असाही प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर कोकणच्या जमिनीत आहे. आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. जमीन उताराची आणि मातीचा थर पातळ. पूर्वी डोंगरउतारावर झाडोरा तोडून राब भाजत आणि नाचणी, वरी करत. दोन-तीन वर्षे पीक घेतले की जमीन थकायची, मग ती सोडून पुढचा तुकडा धरायचा. उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर खाली जाई आणि ओहोळातून खाडीत पोहोचे. खाडी गाळाने भरली की मच्छीमाराची होडीही अडते. अशा उतारावर बारमाही झाड उभे राहिले, त्याच्या खालच्या अंगाला दगडाचा गडगा घातला आणि आळ्यात पालापाचोळा टाकला, तर माती जागेवर राहते आणि पाणी मुरते. फायदा एकट्या मालकाचा होत नाही. खालच्या मळ्याचा, विहिरीचा आणि खाडीचाही होतो. म्हणून खर्चाचा भार सर्वांनी उचलायचा, हे या अनुदानामागचे तत्त्व आहे.

अर्थात प्रत्येक रिकामी जागा झाडांनी भरलीच पाहिजे असे नाही. देवगडच्या कातळावर सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरून माती भरून हापूसच्या बागा उभ्या राहिल्या. ती मोठ्या जिद्दीची गोष्ट आहे. पण सड्यावर पावसाळ्यात उगवणारे गवत आणि रानफुले, गुरांची चराई आणि मुरणारे पाणी हीसुद्धा संपत्तीच आहे. सिंधुदुर्गातील कुडोपीसह कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. जिथे अशी खूण आहे तिथे सुरुंग लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. उतारावरचे झाड हे जतन आहे. सपाट कातळावर मात्र तेच झाड कधी कधी नासधूस ठरू शकते.

वडिलांच्या वहीतील एक ओळ

आता उधारीकडे वळू. मिठबावातील एका शेतकऱ्याने १९९० च्या पावसात योजनेतून हापूसची कलमे लावली. पहिला हप्ता वेळेवर आला. १९९२ च्या सुरुवातीला त्याच्या मुलीचे लग्न ठरले. पुढच्या हप्त्याच्या भरवशावर त्याने आमच्याकडून बस्ता उचलला. रक्कम होती ४,७०० रुपये. त्या काळी आमच्या दुकानाला ती लहान नव्हती. वडिलांनी वहीत नाव लिहिले आणि पुढे एक शब्द लिहिला : ‘हप्ता’.

त्या उन्हाळ्यात पाणी आटले. लग्नाच्या गडबडीत घरच्यांना सड्यावर कावडी वाहणे जमले नाही. निम्म्याहून जास्त कलमे वाळली. पाहणीला आलेल्या माणसाने जिवंत झाडे मोजली आणि पुढचा हप्ता थांबला. जूनच्या पहिल्या पावसात तो शेतकरी दुकानात आला. पायरीवरच उभा राहून म्हणाला, “शेट, कलमां मेली. आता हप्तो येवचो नाय.” वडिलांनी त्याला आत बोलावले, चहा दिला आणि वहीतला ‘हप्ता’ हा शब्द खोडून तिथे ‘जमेल तसे’ असे लिहिले.

व्याज आमच्या वहीत कधी नव्हते. पण माल आम्ही घाऊक व्यापाऱ्याकडून मुदतीवर आणत होतो. त्याला ‘जमेल तसे’ चालत नव्हते. ती मुदत पाळण्यासाठी आम्हाला त्या वर्षी दिवाळीचा माल निम्मा भरावा लागला. त्या शेतकऱ्याने मेलेल्या कलमांच्या जागी हळूहळू काजू लावला. काजू धरू लागल्यावर दरवर्षी मे महिन्यात थोडे थोडे पैसे आणून दिले. शेवटचे तीनशे रुपये १९९९ साली आले. त्याने समोर बसून वहीतली ओळ खोडायला लावली. वडिलांनी ती खोडली आणि मला म्हणाले, “याची नियत खरी होती. चूक आपली झाली. आपण झाड न बघता कागदावर उधार दिले.”

त्या दिवसापासून मी मिठबावला गेलो की आधी बाग बघतो आणि नंतर गाठोडे सोडतो.

आजच्या योजनेचे नियम

२०१८-१९ पासून राज्यात भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली. कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांचे मे २०१८ मध्ये निधन झाले, त्यांच्या नावाने ही योजना आहे. केंद्राच्या रोजगार हमीतील फळबाग योजनेत जे शेतकरी बसत नव्हते, त्यांच्यासाठी ती आखण्यात आली. सोळा फळपिके तिच्यात धरली. त्यांत आंबा, काजू, नारळ, कोकम, फणस, चिकू आणि जांभूळ ही आमच्याकडची झाडे आहेत. कोकणासाठी क्षेत्राची मर्यादा कमीत कमी १० गुंठे आणि जास्तीत जास्त १० हेक्टर ठेवली, कारण कोकणात जमिनीचे तुकडे लहान आहेत.

सर्वांत महत्त्वाचा नियम हप्त्यांचा. अनुदानाच्या रकमेतील ५० टक्के पहिल्या वर्षी, ३० टक्के दुसऱ्या वर्षी आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी. दुसऱ्या वर्षी निदान ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी निदान ९० टक्के झाडे जिवंत असली पाहिजेत. ती कमी भरली तर शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने रोपे आणून नांग्या भरायच्या. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात.

हे आकड्यात पाहू. समजा, एका शेतकऱ्याचे एकूण अनुदान ६०,००० रुपये बसते. पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी १८,००० आणि तिसऱ्या वर्षी १२,०००. आता तो १०० कलमे लावतो. पहिल्या उन्हाळ्यात ३० वाळली तर ७० उरतात. नियमाला ८० पाहिजेत. म्हणजे उरलेल्या ३०,००० वर टांगती तलवार आली. ती दूर करण्यासाठी आधी खिशातून नवी कलमे आणावी लागतात. शिवाय योजनेच्या मूळ नियमांत जमीन तयार करणे, शेणखत घालणे आणि आंतरमशागत असे खर्च शेतकऱ्याकडेच होते. तेव्हा ‘शंभर टक्के अनुदान’ हा शब्द ऐकून सगळा खर्च निघाला असे कोणी समजू नये.

आणखी एक गोष्ट. हप्ते तीन वर्षांत संपतात. काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडे धरू लागते, हापूसला त्याहून जास्त वर्षे लागतात. आंब्याच्या बागेत हप्ता बंद झाल्यापासून पेटी भरेपर्यंत काही वर्षे कोरडी जातात. उधारी बुडते ती बहुधा याच कोरड्या वर्षांत.

सातबाऱ्यावर चौदा नावे

आता आमच्या घरची गोष्ट. मी उर्दू शाळेत शिकलो. ‘पोटखराबा’, ‘इतर हक्क’, ‘फेरफार’ हे शब्द मी पुस्तकात वाचले नव्हते. ते तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून शिकलो. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) २०१९ साली आमच्या गावी राहणाऱ्या, शेतीवरच पोट असलेल्या चुलतभावाने योजनेत अर्ज करायचे ठरवले. सातबारा काढला तर त्यावर चौदा नावे. त्यांतली तीन माणसे अल्लाहला प्यारी झालेली, चार मुंबईत, दोन आखातात आणि बाकीची कोकणभर विखुरलेली. आजोबांनंतर जी नावे लागली ती तशीच राहिली होती. पुढच्या वारसांची नोंद कोणी केली नव्हती. जमीन वडिलोपार्जित आहे, ती कोठे पळून जाते, असे प्रत्येकाला वाटत राहिले.

आमच्यातल्या एका जाणत्या माणसाने सल्ला दिला की, बहिणींकडून आणि फुफीकडून हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे नावे कमी होतील आणि काम सोपे होईल. मीच कागद घेऊन फुफीकडे गेलो. ती तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिने कागद माझ्याकडूनच वाचून घेतला. मग म्हणाली, “बेटा, पैसा सरकारचा, जमीन माझ्या बापाची. तू सही मागायला आलास की हिस्सा मागायला?”

मला उत्तर देता आले नाही. मी कागद परत घेऊन आलो. नंतर नियम नीट वाचला तेव्हा कळले की हक्कसोडपत्राची गरजच नव्हती. संयुक्त खातेदार असेल तर इतर खातेदारांच्या संमतीने त्याच्या हिश्श्याच्या मर्यादेत लाभ मिळतो. सातबाऱ्यावर कुळाचे नाव असेल तर कुळाची संमती लागते. संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संमतीपत्राने फुफी एवढेच म्हणते की, ‘माझ्या पुतण्याने त्याच्या हिश्श्यात झाडे लावावीत, माझी हरकत नाही.’ हक्कसोडपत्राने तिचा हिस्साच जातो आणि तो परत येत नाही. तीन वर्षांच्या अनुदानासाठी बहिणीचा कायमचा हक्क लिहून घेणे हा व्यापार नाही, लबाडी आहे. आमच्याकडून ती जवळजवळ घडलीच होती.

शेवटी आम्ही मयतांच्या वारसांची नोंद करून घेतली. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यावी असे जमीन महसूल कायदा सांगतो. आम्ही ती तीस वर्षांनी दिली. मुंबईची संमतीपत्रे भावाने फिरून गोळा केली, आखातातील दोघांची त्यांच्या सुट्टीत घेतली. फुफीने संमतीपत्रावर सही केली आणि वर दहा रोपांचे पैसे स्वतःहून दिले.

साठ काजू

जुलै २०१९ मध्ये चुलतभावाने आपल्या हिश्श्यात वेंगुर्ल्याच्या जातीची साठ काजू कलमे लावली. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काम करीत आहे आणि तिथली वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमे कोकणात सर्वत्र नावाजलेली आहेत. सात बाय सात मीटरवर साठ कलमांना साधारण तीस गुंठे जागा लागली. ठिबकच्या नळ्या टाकल्या. पण एप्रिल २०२० मध्ये विहिरीने तळ गाठला. नळ्या कोरड्या राहिल्या. टाळेबंदीमुळे पंपाचा मिस्त्री येईना. एकोणीस कलमे वाळली, एक्केचाळीस उरली. नियमाला अठ्ठेचाळीस पाहिजे होती.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी मंडळी परतली. त्यांत सातबाऱ्यावर नाव असलेले आमचे दोन भाऊही होते. ज्यांनी ती जमीन वीस वर्षांत पाहिली नव्हती, ते दोघे रोज संध्याकाळी डोक्यावरून पाणी नेऊ लागले. एक्केचाळीस पैकी एकही आणखी मेले नाही. जूनमध्ये एकोणीस नांग्या स्वखर्चाने भरल्या. दुसरा हप्ता मिळाला. मग १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने किनारा झोडपला. आठ कलमे मुळासकट गेली, बावन्न उरली. तिसऱ्या वर्षाच्या नव्वद टक्क्यांना चौपन्न पाहिजेत. पुन्हा आठ कलमे आणली, पुन्हा लावली आणि तिसरा हप्ता मिळाला.

घरी बसून हिशेब केला. दोन वेळच्या नांग्या, शेणखत, गडग्याची मजुरी आणि पंपाची दुरुस्ती धरली तर अनुदानातून हातात विशेष काही उरले नाही. पण आज साठ काजू उभे आहेत, उताराची माती अडली आहे आणि चौदा नावांचा सातबारा स्वच्छ झाला आहे. माझ्या मते यांतला तिसरा फायदा सर्वांत मोठा.

खाडीकडचा आणि समुद्राकडचा पैसा

जगवण्याचा हाच नियम आता पाण्यातही आला आहे. २०१७ साली राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना काढली. खाडीकाठच्या गावाने कांदळवन राखायचे आणि त्याच्या आधाराने खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यातील मासे किंवा पर्यटन असा धंदा करायचा. गटाने केल्यास प्रकल्पाच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकारचा आणि १० टक्के गटाचा. एकट्याने खाजगी जागेत केल्यास ७५ टक्के सरकारचा आणि २५ टक्के त्याचा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा स्वामिनी बचत गट कांदळवन सफर चालवतो, हे आता दूरवर माहीत झाले आहे.

समुद्रात जाणाऱ्यांसाठी डिसेंबर २०१८ पासून दुसरी व्यवस्था झाली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मोरी यांसारखा संरक्षित जीव अडकला तर मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडायचे. त्या फाटलेल्या जाळ्याची भरपाई २५,००० रुपयांपर्यंत मिळते. जीव सोडल्याचे फोटो किंवा चित्रफीत आणि नौकेची कागदपत्रे लागतात. मिठबावला लागून असलेल्या तांबळडेगच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तेव्हा ही गोष्ट तिथल्या रापणकरांच्या आणि आपल्या दालदी बांधवांच्या रोजच्या कामातली आहे. जाळे विणणाऱ्या आणि सांधणाऱ्या कारागिरांनीही ती लक्षात ठेवावी. कापलेल्या जाळ्याची दुरुस्ती हा त्यांचा रोजगार आहे.

परदेशात काय करतात?

अमेरिकेत १९८५ सालच्या कायद्याने एक योजना सुरू झाली. धूप होणारी जमीन शेतकऱ्याने नांगरायची नाही, तिच्यावर गवत किंवा झाडे राखायची. त्याबद्दल सरकार त्याला दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने दर एकरी वार्षिक भाडे देते. चीनने १९९८ च्या महापुरानंतर १९९९ पासून उतारावरची शेती बंद करून झाडे लावणाऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम दिली. जंगली झाडांसाठी आठ वर्षे आणि फळझाडांसाठी पाच वर्षे.

मुदत पाहा. तिकडे पाच, आठ, दहा, पंधरा वर्षे आणि आपल्याकडे तीन. हापूस पूर्ण धरण्याआधीच आपला हप्ता संपतो. मुदत वाढवावी ही मागणी शेतकऱ्यांच्या बरोबरीने व्यापारी संघटनांनीही केली पाहिजे. त्या कोरड्या वर्षांचा भार शेवटी आपल्याच उधारीवर येतो.

आपण काय करावे?

वडील नेहमी म्हणत, हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ. हिशेब जवाच्या दाण्याइतका बारीक ठेवावा, मग देणगी शेकड्यांनी द्यावी. त्या रीतीने चार गोष्टी सांगतो.

पहिली : अनुदानाच्या भरवशावर उधार द्यायचे असेल तर मंजुरीचा कागद पाहून देऊ नका. बाग पाहा, विहीर पाहा आणि एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार हे विचारा. पुढचे दोन हप्ते जिवंत झाडांवर अवलंबून आहेत, म्हणून उधारीची मुदतही पावसाळ्यापर्यंत न ठेवता पाहणीनंतरची ठेवा.

दुसरी : आपल्यापैकी बरेच जण व्यापारी किंवा कारागीर असलो तरी गावच्या सातबाऱ्यावर नाव असलेले खातेदार आहोत. योजनेत शेतीवर पोट असणाऱ्याला प्राधान्य असते. गावात राहून जमीन कसणाऱ्या भावाला संमती द्या. मुंबईत बसून सही अडवून ठेवल्याने जमीन वाढत नाही, फक्त धुपते. आणि ज्याने संमती घेतली त्याने दुसऱ्याच्या हिश्श्याच्या पुढे खड्डा मारू नये.

तिसरी : वारस नोंद वेळेवर करा. सर्वांची संमती असेल तर तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून घेता येते. आई, बहीण, फुफी यांची नावे अडचण म्हणून पाहू नका. ती त्यांची अमानत आहे.

चौथी : सुतार, गवंडी, पंप-मिस्त्री, जाळे विणणारे आणि ठिबकच्या नळ्या बसवणारे कारागीर यांनी योजनेचे वेळापत्रक माहीत करून घ्यावे. लागवडीची कामे पावसाच्या तोंडावर निघतात, पण झाड वाचते किंवा मरते ते मार्च ते मे या काळात. त्या काळात वेळेवर पोहोचणारा पंप-मिस्त्री एका शेतकऱ्याचा हप्ता वाचवतो आणि पुढच्या वर्षी त्याला काम शोधत फिरावे लागत नाही.

फुफी गेल्या वर्षी वारली. तिच्या वारसांची नोंद आम्ही चाळिसाव्याच्या आधीच दाखल केली. तिच्या पैशाची दहा कलमे वरच्या ओळीत, गडग्याच्या कडेला आहेत. वादळात त्यांतली दोन गेली, आठ आजही उभी आहेत. दोन नव्या कलमांचे पैसे या वेळी मी दिले, आणि ते वहीत कोणाच्याही नावावर लिहिले नाहीत.